रिसीव्हर निवडायचा कसा: एनएफएल ड्राफ्ट नव्याने बघणाऱ्यांसाठी

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ कॉलेजमधले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट. तो एप्रिलच्या शेवटाकडे एका गुरुवारी रात्री सुरू होतो. न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजलेले असतात, तेव्हा पुण्यात शुक्रवारची पहाट, साडेपाच. इकडे न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हे वेड बहुतेक वेळा मुलांमुळे शिरतं. शाळेत सगळे जायंट्स-जेट्स या इथल्या संघांबद्दल बोलतात, मग घरीही तेच. आणि मार्च उजाडला की प्रश्न ठरलेला: "काका, हे सगळेच भन्नाट पळतात, सगळेच झेलतात. मग यातला पहिला कोण, हे ठरवायचं कसं?"

प्रश्न वाइड रिसीव्हरबद्दल असतो. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेकडून धावत जाऊन तो झेलणारा, तो रिसीव्हर. त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू म्हणजे कॉर्नर. एवढं माहीत असलं तरी पुढचं समजेल. उदाहरणासाठी मी २०२४ चा ड्राफ्ट घेतो. त्यात पहिल्या फेरीतच सात रिसीव्हर गेले, आणि त्यांच्या पहिल्या हंगामाचा निकाल आता आपल्यासमोर आहे, म्हणजे आपला अंदाज पडताळून बघता येतो.

आधी खेळाचे नियम, थोडक्यात

आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर ती बाजूला ठेवा. इथे बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि गेल्या हंगामात जो तळाला होता तो पहिला निवडतो. संघ आपला क्रमांक दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दुसरे क्रमांक किंवा खेळाडू घेऊ शकतात. नवख्या खेळाडूचा पगार कितव्या क्रमांकावर गेला यावरून जवळपास ठरलेलाच असतो.

या पगाराचं गणित समजलं की संघ रिसीव्हरसाठी एवढे का झुरतात ते कळतं. २०२४ मध्ये चौथ्या क्रमांकावर ॲरिझोना कार्डिनल्सने मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरला घेतलं. त्याचा चार वर्षांचा करार मिळून साधारण साडेतीन कोटी डॉलरचा. त्याच जूनमध्ये मिनेसोटाच्या जस्टिन जेफरसनने नवा करार केला, तो वर्षाला सरासरी साडेतीन कोटींचा. मुरलेल्या ताऱ्याच्या एका वर्षाच्या पैशात नवख्याची चार वर्षं! निवड बरोबर आली तर वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभा राहतो.

पहिली पायरी: तो उभा कुठे राहतो ते बघा

रिसीव्हर ही एक जागा नाही, तीन आहेत. प्रशिक्षक त्यांना एक्स, झेड आणि स्लॉट म्हणतात. एक्स अगदी रेषेवर, म्हणजे खेळी जिथून सुरू होते तिथे उभा असतो, एका कडेला, बहुतेक वेळा एकटाच. कॉर्नर त्याच्या तोंडासमोर उभा राहून पहिल्याच पावलाला त्याला ढकलू शकतो. याला प्रेस म्हणतात. झेड रेषेच्या एक पाऊल मागे असतो, चेंडू सुरू होण्याआधी जागा बदलू शकतो, त्यामुळे त्याला श्वास घ्यायला थोडी फुरसत मिळते. स्लॉट आतल्या बाजूला उभा राहतो, त्याला डावीकडे-उजवीकडे दोन्ही वाटा मोकळ्या.

सामना बघताना प्रत्येक खेळीच्या आधी चित्र थांबवा आणि वहीत एक अक्षर लिहा: ए, झे किंवा स्लॉ. तीसेक खेळ्यांनंतर आकृती दिसायला लागते. तुमच्या संघाला एक्स हवा असेल आणि हा मुलगा प्रेससमोर चारच वेळा उभा राहिला असेल, तर त्या चार खेळ्या पुन्हा पुन्हा बघा.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात भलेभले पडले आहेत. "त्याने केलं नाही" आणि "त्याला जमत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेफरसन २०१९ मध्ये एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून) खेळताना बहुतेक वेळ स्लॉटमध्ये असायचा. १११ झेल, १५४० यार्ड, १८ टचडाऊन. (यार्ड म्हणजे झेलांतून पुढे नेलेलं अंतर, टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं.) तरी हा बाहेरच्या जागेवर टिकेल का, अशी शंका घेतली गेली. २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार रिसीव्हर गेले: हेन्री रग्ज १२, जेरी ज्यूडी १५, सीडी लँब १७, जेलन रेगर २१. जेफरसन २२ वा. मिनेसोटाने पहिल्याच वर्षी त्याला बाहेर उभं केलं, आणि त्याने ८८ झेलांत १४०० यार्ड काढले. कॉलेजच्या प्रशिक्षकाने कुठे उभं केलं यावरून त्या प्रशिक्षकाची गरज कळते, मुलाची मर्यादा कळतेच असं नाही.

दुसरी पायरी: चेंडू सोडा, पाय बघा

माझ्या मते सगळी निवड इथे ठरते, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

दोन मिनिटांचे निवडक क्षणांचे व्हिडिओ बघू नका. त्यात प्रत्येक जण देवच दिसतो. पूर्ण सामने बघा, किमान तीन, आणि त्यातला एक तरी सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा. डोळे चेंडूवर न ठेवता त्या एकाच खेळाडूवर ठेवा. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही अशा खेळ्या तर जास्तच लक्ष देऊन बघा. टीव्हीच्या चित्रात रिसीव्हर दोन-तीन पावलांनंतर चौकटीबाहेर जातो हे खरं, पण ती पावलंच महत्त्वाची आहेत, आणि उरलेलं पुनर्प्रक्षेपणात बऱ्याचदा सापडतं.

काय बघायचं? हूल. मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. पळणारा नेमकं तेच साधतो. खांदा एकीकडे दाखवतो आणि निघतो दुसरीकडे. कॉर्नरला मागे फिरायला नियमाची आडकाठी नाही, शरीराची आहे. तो उलट्या पावलांनी मागे सरकत असतो. एकदा त्याची कंबर एका बाजूला वळली की परत फिरायला एक अख्खं पाऊल जातं. चांगला रिसीव्हर ती कंबर वळवून घेतो. मग वळतो.

ही हूल दोन ठिकाणी शोधा.

पहिलं ठिकाण सुरुवातीचं. कॉर्नर छातीशी आलाय, हात टाकणार आहे. रिसीव्हर पहिल्या दोन पावलांत काय करतो? जागच्या जागी नुसतीच पावलं नाचवतो, की एका झटक्यात त्याचा हात झटकून खांदा पुढे काढतो? सुरुवातीची नाचानाची बघायला छान वाटते, पण क्वार्टरबॅकच्या हातात अडीच-तीन सेकंदच असतात. त्यातलं एक सेकंद तिथेच गेलं तर पुढचं सगळं वाया.

दुसरं ठिकाण वळणाचं. दहा-बारा यार्ड सरळ पळून तो आत किंवा बाहेर वळतो, किंवा थांबून मागे फिरतो. वळणाच्या आधी त्याचा वेग कमी होतो का? डोकं वर येतं का? हातांची लय मोडते का? यातलं काहीही झालं की कॉर्नरला चिठ्ठी पोचली म्हणून समजा. आणि थांबायला किती पावलं लागतात ती मोजा, अक्षरशः मोजा. दोन-तीन पावलांत थांबणारा आणि पाच पावलांत थांबणारा यांच्यात जे अंतर पडतं, ते कितीही जोरात पळून भरून निघत नाही. सहा फूट तीन इंचांचा, २०९ पौंडांचा हॅरिसन ओहायो स्टेट विद्यापीठात कंबर खाली नेऊन ज्या सफाईने थांबायचा, ते त्या उंचीच्या माणसात क्वचित दिसतं. लोक त्याच्यावर फिदा होते ते उगाच नाही.

झेल त्याच्या नंतर येतो. हात पुढे काढून तळव्यात झेलतो की चेंडू छातीवर आदळू देतो, एवढं टिपून ठेवा. आणि झेलल्यानंतर काय, तेही. एलएसयूच्या मलिक नेबर्समध्ये मला सगळ्यात आवडलं ते हेच. झेल आणि पुढची धाव यांच्यात त्याला थांबा लागतच नव्हता.

गर्दीतल्या झेलाबद्दल मात्र मी थोडा कडक आहे. कॉर्नर अंगावर चिकटलेला असताना उडी मारून चेंडू हिसकावून घेणं बघणाऱ्याच्या अंगावर काटा आणतं. पण एखाद्याचे बहुतेक झेल असेच असतील तर आधी विचारा, कॉर्नर इतका जवळ राहिलाच कसा? २०१९ मध्ये न्यू इंग्लंडने ३२ व्या क्रमांकावर एनकील हॅरी घेतला, तो याच ताकदीसाठी ओळखला जायचा. तीन हंगामांनंतर त्याला शिकागोला देऊन टाकलं. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्यानंतर गेलेले डीबो सॅम्युएल ३६ वा आणि ए. जे. ब्राऊन ५१ वा. दोघेही पुढे लीगचे मोठे खेळाडू झाले. वॉशिंग्टन विद्यापीठाचा रोम ओडुन्झे गर्दीतल्या झेलांत २०२४ चा राजाच होता. पण त्याला मी वरच्या तिघांत ठेवलं ते त्यासाठी नाही. मोकळं होणंही त्याला येत होतं, म्हणून.

तिसरी पायरी: आकडे, पण शेजाऱ्यांसकट

आता वही उघडा आणि शेवटच्या कॉलेज हंगामाचे आकडे लिहा. २०२३ चे असे होते. ओडुन्झे: ९२ झेल, १६४० यार्ड, १३ टचडाऊन. नेबर्स: ८९, १५६९, १४. हॅरिसन: ६७, १२११, १४. नुसते आकडे धरले तर हॅरिसन तिसरा. तरी बहुतेक जाणकारांच्या यादीत तो पहिला होता, माझ्याही.

कारण प्रत्येक आकड्याला शेजारी असतात. चेंडू कोण फेकत होता? नेबर्सला जेडन डॅनियल्स फेकत होता, ज्याने त्याच वर्षी हाइजमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचं पारितोषिक जिंकलं. ओडुन्झेला मायकल पेनिक्स, जो स्वतः त्या ड्राफ्टमध्ये आठवा गेला. हॅरिसनचा क्वार्टरबॅक मात्र मध्येच बदलला. २०२२ मध्ये सी. जे. स्ट्राऊड होता, २०२३ मध्ये काइल मॅकॉर्ड आला. यार्ड १२६३ वरून १२११, टचडाऊन दोन्ही वर्षी १४. फेकणारा बदलूनही हे टिकलं, ही मोठी साक्ष आहे.

दुसरा शेजारी म्हणजे पलीकडच्या बाजूचा रिसीव्हर. नेबर्सच्या जोडीला एलएसयूत ब्रायन थॉमस ज्युनियर होता. ६८ झेल, ११७७ यार्ड, आणि तब्बल १७ टचडाऊन. दोघांमुळे बचावाची विभागणी व्हायची. एकाचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यात जातं, आणि ते सोडवायला आकडे पुरत नाहीत. परत दुसऱ्या पायरीवर जावं लागतं.

कमी आकड्यांचा माणूस तर फेकूनच देऊ नका. जॉर्जियाच्या लॅड मकॉन्कीने २०२३ मध्ये दुखापतींमुळे अर्धवट हंगामात ३० झेल आणि ४७८ यार्ड केले. कागदावर नगण्य. पण मोबिल, अलाबामातल्या सीनियर बोलच्या, म्हणजे कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या सरावात कॉर्नर त्याच्यासमोर अक्षरशः घसरत होते. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथी पायरी: घड्याळ आणि तराजू

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी होते. मोजमाप, उड्या, आणि सगळ्यांचं लाडकं ४० यार्डांचं धावणं, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. याशिवाय कॉलेजं आपापल्या मैदानावर वेगळा दिवस ठेवतात. तिथली वेळ बऱ्याचदा हातातल्या घड्याळाची असते, तेव्हा ती कंबाइनच्या वेळेशेजारी सरळ ठेवू नका. ओडुन्झे कंबाइनमध्ये ४.४५ सेकंद धावला. नेबर्सची ४.३५ कॉलेजच्या दिवसातली. हॅरिसन कुठेच धावला नाही, आणि तरी चौथा गेला.

एक दशांश सेकंद म्हणजे त्या वेगात साधारण एक यार्ड. कमी नाही. पण दुसऱ्या पायरीवर पाहिलेली हूल तेवढं अंतर सहज देते किंवा घालवते. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ ची विक्रमी वेळ दिली, सिनसिनाटीने त्याला नववा घेतला. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ धावलेला कूपर कप ६९ वा गेला, आणि २०२१ च्या एका हंगामात त्याने १४५ झेल, १९४७ यार्ड आणि १६ टचडाऊन केले.

याचा अर्थ वेग निरुपयोगी असा काढू नका. रॉसचा विक्रम २०२४ मध्ये टेक्ससच्या झेवियर वर्दीने मोडला, ४.२१. कॅन्सस सिटीने २८ व्या क्रमांकासाठी बफेलोशी सौदा करून त्याला उचललं, आणि त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, संघ हरला तरी वर्दीने आठ झेलांत १५७ यार्ड काढले. वेग हवाच. मी घड्याळ एवढ्यासाठीच वापरतो: सामन्यात जे दिसलं, त्याला वेळ दुजोरा देते का? दिला तर पुढे. विसंगती दिसली तर पुन्हा सामना लावायचा.

वजनाचंही असंच. डेव्हॉन्टा स्मिथ २०२१ मध्ये १६६ पौंड भरला आणि "हा मोडेल" असा सूर निघाला. त्याने आधीच्या वर्षी अलाबामाकडून १८५६ यार्ड करून हाइजमन जिंकलं होतं. फिलाडेल्फियाने वर सरकून दहाव्या क्रमांकावर त्याला घेतलं आणि त्यांचं काही चुकलं नाही. हलक्या मुलाला प्रेस झेपतं का, हे बघायचं तर पहिल्या पायरीतल्या त्या खेळ्या काढा.

दुखापतींचे वैद्यकीय अहवाल संघांकडे असतात, आपल्याकडे नाहीत. किती सामने चुकवले एवढं लिहून पुढे चला.

पाचवी पायरी: क्रमांक नको, थर लावा

नवखा माणूस एक ते वीस अशी यादी करतो. त्याऐवजी दहीहंडीसारखे थर लावा. एका थरात जे आहेत ते जवळपास सारखे, आणि खालचा थर स्पष्टपणे खाली. २०२४ चा पहिला थर तिघांचाच होता: हॅरिसन, नेबर्स, ओडुन्झे. चौथा, सहावा आणि नववा क्रमांक. नवव्यानंतर तो थर संपला.

थरांचा फायदा निवडीच्या वेळी कळतो. वरच्या थरात एकच शिल्लक असेल आणि खालचा थर बराच खाली असेल तर आत्ताच घ्या. खालच्या थरात सहा-सात जण बरोबरीचे असतील तर थांबता येतं. लॉस एंजेलिस चार्जर्सने हेच केलं. त्यांनी त्या वसंतात कीनन ॲलन आणि माइक विल्यम्स हे दोन्ही मुख्य रिसीव्हर सोडले होते, म्हणजे गरज उघड होती. पाचव्या क्रमांकावर नेबर्स समोर असूनही त्यांनी जो ऑल्ट हा लाइनमन, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा खेळाडू घेतला. मग दुसऱ्या फेरीत ३७ वरून ३४ वर सरकून मकॉन्कीला घेतलं. त्याने पहिल्या हंगामात ८२ झेल आणि ११४९ यार्ड दिले.

तो ३४ वा क्रमांक न्यू इंग्लंडने दिला होता. तीन जागा मागे गेलं तर काय बिघडतं, पुढच्या फेऱ्यांत थोडा फायदा होतो, हा हिशोब. त्यांनी ३७ वर ओडुन्झेचाच कॉलेजचा जोडीदार जलिन पोक घेतला. पहिल्या हंगामात १२ झेल, ८७ यार्ड. त्यांच्या यादीत दोघे एकाच थरात असावेत असं मला वाटतं. ते दोन थर होते.

सहावी पायरी: निकाल वाचताना घाई नको

२०२४ च्या हंगामाअखेर नेबर्स जायंट्सकडून १०९ झेल आणि १२०४ यार्ड, तेही क्वार्टरबॅकची खुर्ची सतत डळमळत असताना. २३ वा गेलेला ब्रायन थॉमस जॅक्सनव्हिलकडून १२८२ यार्ड आणि १० टचडाऊन. हॅरिसन ६२ झेल, ८८५ यार्ड, ८ टचडाऊन. ओडुन्झे ५४ झेल, ७३४ यार्ड.

ओडुन्झेच्या आकड्यावर लगेच काट मारू नका. शिकागोत डी. जे. मूर आणि कीनन ॲलन आधीच होते, क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स स्वतः नवखा, आणि त्या हंगामात तो ६८ वेळा चेंडूसकट जमीनदोस्त झाला. फेकायलाच वेळ नाही तर झेलणारा काय करणार? कंबाइनमध्ये बाकीचे निघून गेल्यावरही हाच ओडुन्झे तीन शंकूंभोवतीची धाव पुन्हा पुन्हा धावत बसला होता, हेही मी विसरत नाही.

हॅरिसनच्या बाबतीत माझा अंदाज हुकला, आणि कुठे हुकला ते मी शोधलं. पहिल्या सामन्यात त्याला एक झेल आणि चार यार्ड, दुसऱ्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पहिल्या पाव भागात) चार झेल, १३० यार्ड आणि दोन टचडाऊन. दोन्ही वेळा लोकांनी निकाल लावून टाकला. मी वही पुन्हा वाचली, तेव्हा दिसलं की झेलल्यानंतर किती पळतो या रकान्यात मी नेबर्ससमोर तीन वाक्यं लिहिली होती आणि हॅरिसनसमोर काहीच नव्हतं. तो प्रश्न मी त्याच्यासाठी विचारलाच नव्हता. वडील मार्व्हिन हॅरिसन, इंडियानापोलिसचे, ११०२ झेलांचे, हॉल ऑफ फेममध्ये गेलेले. त्या नावाने माझा रकाना भरून टाकला होता. तेव्हापासून मी वहीत नावाऐवजी जर्सीचा क्रमांकच लिहितो, आणि नाव ड्राफ्टच्या आदल्या रात्री भरतो.

नेबर्सचं पुढचं वर्ष मात्र कोणत्याच वहीत बसणारं नव्हतं. २८ सप्टेंबर २०२५ ला चार्जर्सविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि हंगाम संपला. अशी गोष्ट निवडीच्या खात्यात चूक म्हणून मांडू नका.

यंदा पहिल्यांदाच करून बघणार असाल तर तीन खेळाडू घ्या, वीस नको. प्रत्येकाचे तीन सामने, म्हणजे नऊ संध्याकाळी. प्रत्येक पानावर पाच रकाने आखा: उभा कुठे, प्रेससमोर पहिली दोन पावलं, वळणाला किती पावलं, झेल कशावर, झेलल्यावर काय. पाचही रकाने तिन्ही पानांवर भरल्याशिवाय थर लावायला बसू नका.